रस्त्याची वाटणी

आमच्या दारासमोरचा रस्ता चार जणांचा आहे आणि चार उंचीचा आहे. मी चेष्टा करत नाही. नारायणगावाहून वारूळवाडीत शिरलं की डाव्या हाताला आमची गल्ली लागते. तिच्यात पाऊल टाकायचं म्हणजे आधी लाल पेव्हर ब्लॉकवर चढायचं, मग धपकन मातीत उतरायचं, मग काँक्रीटच्या कोब्यावर परत चढायचं आणि शेवटी खडीत पाय मुरगाळून घ्यायचा. नवीन पाहुणा आला की विचारतो, रस्त्याचं काम चालू आहे का? मी सांगते, नाही हो, हे झालेलं काम आहे.

आम्ही चार घरांनी मिळून इथं अकरा गुंठे घेतले. आमच्याकडं तुकडेबंदीमुळं गुंठा-दोन गुंठ्याची खरेदी सरळ होत नाही, म्हणून लोकांनी यावर आपला उपाय काढलेला आहे. चार-पाच जणांनी मिळून एकच मोठा तुकडा सामाईक घ्यायचा. सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं एकाखाली एक लागतात. कुणाचं कुठून कुठपर्यंत, ते मात्र कागदावर नसतं. ते आमचं ठरलं एका रविवारी सकाळी, एक दोरी, पाटीभर चुन्याची फक्की आणि एक नारळ एवढ्या सामानावर. कडेनं पंधरा फूट रस्ता सोडला, उरलेल्या जागेचे चार भाग पाडले, चिठ्ठ्या टाकल्या, नारळ फोडला आणि खोबरं खाल्लं. "आपल्यात काय, भावाभावांसारखं राहायचं," असं गुरुजी त्या वेळी म्हणाले होते. भाऊ-भाऊ कसे राहतात हे जन्मभर पाहिलेलं असूनही आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

गल्लीच्या तोंडाशी पहिलं घर कापडवाल्या शेठचं. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले, पण शेठचं मराठी माझ्यापेक्षा खणखणीत आहे. दुसरं घर आमचं. नवऱ्याचं मोटर रिवायंडिंगचं दुकान, आणि मी ओतूरच्या कॉलेजात लायब्ररीत. तिसरं गुरुजींचं. ते मूळचे पिंपरी पेंढारचे, झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेले, पण आवाज अजून नोकरीत आहे. गल्लीच्या टोकाला ड्रायव्हर भाऊ. एसटीत हयात घालवली, आता घरी असतात. घरात त्यांची बायको, चाकणच्या कंपनीत कामाला जाणारा मुलगा, सून आणि लेक.

हे सगळं रामायण त्या लेकीवरून झालं. तिच्या नवऱ्यानं दुसरा संसार थाटला, तेव्हा ती एक पेटी आणि दोन पिशव्या घेऊन माहेरी परत आली. भांडली नाही, कोर्टात गेली नाही. इथल्याच एका रोपवाटिकेत टोमॅटोच्या रोपांचे ट्रे भरायला जाते आणि बिबट्याच्या धाकानं अंधार पडायच्या आत घरी येते. माहेरच्या घरात ती स्वयंपाकघरात निजते. चहा करायचा तर सुनेला विचारून करते, टीव्ही बघायचा तर विचारून बसते. सून वाईट आहे असं नाही. फक्त "त्यात काय विचारायचं" असं ती कधी म्हणत नाही.

एका सकाळी ड्रायव्हर भाऊ आमच्या ओट्यावर आले. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, माज्या जागंचं दोन भाग करतो. अर्दा पोराला, अर्दा पोरीला. माज्या डोळ्यांदेखत तिला दोन खोल्या बांदून द्यायच्यात. तिला एक दार पायजे बगा, जिथनं आत जाताना कुनाला इचारावं लागनार न्हाई. बाकी आमाला काय नको."

सातबारा सामाईक असल्यामुळं वेगळं घर बांधायचं तर ग्रामपंचायत बाकीच्यांची संमती मागत होती. म्हणजे तीन सह्या: शेठची, माझ्या नवऱ्याची आणि गुरुजींची. मी पेन आणायला उठले. सही करायला वेळ तो किती लागतो! नवरा म्हणाला, "थांब जरा. बाकीच्यांचं काय म्हणणं आहे, ते बघू." त्या 'बघू'मध्ये आमचा उन्हाळा गेला आणि पाठोपाठ पावसाळाही गेला.

मग मीटिंगा सुरू झाल्या. आमचं घर मध्यावर आणि ओट्यावर पत्रा, म्हणून मीटिंग आमच्याकडं आणि चहाही आमच्याकडं. मी लायब्ररीतून दमून यायची तर ओट्यावर चर्चेचं गुऱ्हाळ लागलेलं. गुरुजी म्हणायचे, "आज एकाचे दोन झाले. उद्या मी माझ्याचे तीन करीन. मग ही गल्ली राहणार का चाळ होणार?" शेठ म्हणायचे, "दुसरं घर आलं की दुसरी गाडी आली. ती लावायची कुठं?"

"तिच्याकडं सायकलसुद्धा नाही हो," मी आतून ओरडायची.

"आज नाही, मॅडम," शेठ शांतपणे म्हणायचे. धंद्यातल्या माणसाला उद्याचं दिसतं असं म्हणतात, पण इतकं उद्याचं कुणाला दिसू नये.

गंमत म्हणजे शेठच्या दाराच्या पायऱ्या रस्त्यात उतरलेल्या, गुरुजींचा गच्चीचा जिना रस्त्यात, आणि आमचाही ओटा काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. फक्कीची रेघ पहिल्याच पावसात वाहून गेली होती आणि प्रत्येकाला ती आपल्या सोयीनं आठवत होती. ड्रायव्हर भाऊंनी तेवढं आपलं कुंपण रेघेच्या आत घेतलेलं. गाडी वळवायला जागा लागते, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

आणि मग गुरुजींच्या डोक्यातून ती कल्पना निघाली.

त्यासाठी गुरुजींच्या गावाकडची वाटणी माहीत पाहिजे. तिथं भाऊ वेगळे निघाले की कुणाच्या वाट्याला अख्खं वावर देत नाहीत. काळ्या रानाचे चार पट्टे, मुरमाडाचे चार, विहिरीजवळचे चार, ओढ्याकाठचे चार. कुणाला उणं नको, कुणाला अधिक नको. पुढच्या पिढीत त्या पट्ट्यांचे पुन्हा पट्टे. गुरुजींच्या वाट्याचा एक पट्टा इतका चिंचोळा आहे की ट्रॅक्टर वळवायचा तर चुलतभावाच्या कांद्यातून वळवावा लागतो, आणि चुलतभाऊ वळवू देत नाही. पट्टा पडीक आहे. हे गुरुजी आम्हाला मोठ्या अभिमानानं सांगतात. म्हणे, पण वाटणीत एका बोटाचा फरक नाही!

तर गुरुजी म्हणाले, "सामाईक म्हणजे कुणाचंच नाही. खरं भांडण जागेचं नाहीच, रस्त्याचं आहे. तेव्हा रस्ताच वाटून टाकू. ज्याच्या दारासमोर जेवढा, तेवढा त्याचा. त्यानं सांभाळायचा, त्यानं वापरायचा. मग भाऊंनी टोकाला एक घर बांधावं नाहीतर चार."

मी चहाची कपबशी खाली ठेवली. "गुरुजी, रस्ता वाटून घेतल्यावर रस्ता राहिला कुठं? शेठच्या तुकड्यावरून गेल्याशिवाय मला बाहेर पडता येणार नाही. तुम्हाला आमच्या दोघांच्या तुकड्यांवरून जावं लागेल. भाऊंना तर तिघांच्या."

"मॅडम, जाऊ देणार नाही असं कोण म्हणतंय? शेवटी माणुसकी आहे ना!"

"मग आहे त्या रस्त्यावर ती माणुसकी का नाही चालत?"

यावर नवऱ्यानं माझ्याकडं 'आता अजून एक चहा' अशा नजरेनं बघितलं. मी चहा केला नाही. त्या दिवशीचा माझा विजय म्हणाल तर तेवढाच.

मला आशा होती ती ड्रायव्हर भाऊंची. टोकाचा माणूस याला हो कसा म्हणेल? पण भाऊ म्हणाले, "रस्त्यापायी पोरीचं दार अडलं आसंल, तर घ्या राव वाटून रस्ता." ज्या माणसाचा जन्म रस्त्यावर गेला, त्यानं रस्ता तोडायला मान डोलावली. पुढच्या रविवारी पुन्हा दोरी आली, फक्की आली, नारळ आला. गुरुजींनी स्वतः फोडला.

एकदा आपला तुकडा म्हटल्यावर माणसाला हुरूप येतो. शेठनी आपल्या भागात लाल ब्लॉक बसवले, जरा उंच, पाणी नको म्हणून. गुरुजींनी कोबा केला, तोही उंच, आणि परक्यांच्या गाड्या वळायला येतात म्हणून दोन लोखंडी पाइप रोवून मध्ये साखळी लावली. भाऊंनी खडी टाकली. आमच्या घरात 'बघू' चाललं होतं, म्हणून आमचा तुकडा मातीचाच राहिला आणि दोन्ही बाजूंचं सगळं पाणी आमच्यात उतरलं. त्या पावसाळ्यात माझ्या दारात बेडूक होते. नवरा म्हणाला, बेडूक असणं चांगलं, डास कमी होतात. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

रस्ता वाटून झाला, पण सह्या काही झाल्या नाहीत. कारण आता गुरुजींचं म्हणणं असं, की बांधकामाचं सामान माझ्या कोब्यावरून जाणार, कोबा चिरला तर? आणि शेठ म्हणायचे, "गुरुजींची झाली की माझी आलीच समजा."

या सगळ्यात भाऊंच्या लेकीनं एक नवीनच चालू केलं. ती संध्याकाळी कामावरून आली की गल्लीच्या तोंडाशी थांबायची. शेठच्या घरातलं जे कुणी दारात असेल त्याला म्हणायची, "जाऊ का?" आमच्यापाशी आली की, "काकू, येऊ का?" गुरुजींच्या साखळीपाशी पुन्हा उभी राहायची. "गुरुजी, जाऊ का हितनं?" गुरुजी पेपरातून मान वर न करता हात हलवायचे. ती साखळी ओलांडून जायची.

मला वाटलं टोमणा मारते. पण तिच्यात टोमणा मारायचा गुणच नाही. एकदा मी तिला धरलंच. "अगं, तुझ्या बापाच्या हक्काची वाट आहे. विचारतेस काय सारखी?"

"वाटणी झालीय ना, काकू. आता तुकडा तुमचा हाय."

"मग बाकीचे विचारतात का कुणी?"

"मला सवय हाय. तिकडं सासरी पन आसंच व्हतं." आणि हसली.

खरं सांगते, त्या दिवशी मला शेठपेक्षा, गुरुजींपेक्षा जास्त राग तिचाच आला. जिच्या एका दारासाठी आम्ही एवढे घसे कोरडे करतोय, ती आणखी तीन दारांत परवानगी मागत फिरते. अगं, एकदा तरी पाय आपटत जा ना! पण ती पाय आपटणारी नव्हती. आणि तिचं ते विचारणं ऐकताना आपण कुणीतरी जमीनदार झाल्यासारखं वाटायचं आणि स्वतःचीच चीड यायची.

पहिली सही झाली ती भाद्रपदात. जैनांची संवत्सरी झाली की शेठ सहकुटुंब घरोघर जातात आणि वर्षभरात कळत-नकळत मन दुखावलं असेल तर क्षमा करा म्हणून हात जोडतात. मला त्यांची ती रीत फार आवडते. त्या दिवशी ते आमच्या दारात हात जोडून उभे होते, आणि नेमकी भाऊंची लेक कामावरून येत होती. शेठनी तिलाही हात जोडले. ती बिचारी गडबडून त्यांच्या पाया पडायला वाकली.

माझ्या तोंडातून निघून गेलं, "शेठ, तिला माफी नको, सही द्या."

नवऱ्यानं डोळे मोठे केले. शेठच्या बायकोनं पदर तोंडाला लावला, हसू लपवायला. मग शेठ स्वतःही हसले. "मॅडम, आजच्या दिवशी बरोबर पकडलंत," म्हणाले आणि भाऊंच्या घरून कागद मागवून तिथंच ओट्यावर सही केली. आता शेठची झाली म्हटल्यावर माझ्या नवऱ्याला 'बघू' म्हणायला जागाच उरली नाही. त्याच बैठकीत त्याचीही घेतली.

राहिले गुरुजी. त्यांचं घोडं दिवाळीच्या तोंडावर अडलं. शेठचा दिवाळीचा माल आला होता, टेम्पो लाल ब्लॉकवर आडवा लागलेला आणि गठ्ठे उतरत होते. गुरुजींना ओतूरला साखरपुड्याला जायचं होतं. सफारी घालून, गाडी काढून ते आमच्या मातीपर्यंत आले आणि हॉर्न वाजवत बसले. शेठ बाहेर आले. "उतरू द्या की गुरुजी, अर्धा तास लागेल."

"अहो, पण रस्ता अडवलाय तुम्ही!"

"माझ्या वाटणीचा आहे," शेठ म्हणाले. अगदी गोड आवाजात म्हणाले.

गुरुजींचं तोंड असं झालं की मी घरात जाऊन उशीत तोंड खुपसून हसले. साखरपुडा त्यांना मिळाला नाही, जेवण तेवढं मिळालं.

त्यानंतर तरी रस्ता पुन्हा एक होईल असं वाटलं होतं. छे! ब्लॉक कोण उखडणार, कोबा कोण फोडणार? त्याऐवजी गुरुजी भाऊंकडं गेले आणि म्हणाले, तुमच्या लेकीच्या भागातून चार फूट सोडा, म्हणजे पुढं अडलं तर माझी गाडी तुमच्या बाजूला वळवता येईल, मग करतो सही. म्हणजे आधीच निम्मी झालेली जागा, तीही कोपऱ्यातून कातरायची. मी भाऊंना म्हटलं, देऊ नका. भाऊंनी लेकीकडं बघितलं. ती म्हणाली, "द्या. दार दुसऱ्या अंगानं काडू." गुरुजींनी वळणदार अक्षरात सही केली.

दुसऱ्याच दिवशी भाऊंनी विटा आणल्या. शेठनी ब्लॉकवरून टेम्पो येऊ दिला. गुरुजींनी कोबा चिरेल म्हणून साखळी काढली नाही. विटा आमच्या मातीत उतरल्या. भाऊंच्या लेकीनं त्या स्वतः रचल्या, एकावर एक, कडा जुळवून. मग एक काटकी घेतली आणि माझ्या दारातल्या मातीत घराचा नकाशा काढायला बसली. आधी दार काढलं, मग दाराला दोन पायऱ्या, आणि भिंती सगळ्यात शेवटी. "काकू, हितं उंबऱ्याशी तुळस ठेवीन," म्हणाली. तिला मी इतकं बोलताना पहिल्यांदा ऐकलं.

भाऊबीज झाली. तिनं भावाला ओवाळलं, जेवणं झाली, आणि दुपारी भाऊंच्या घरातून त्यांच्या मुलाचा आवाज वाढत गेला. मुलगा कधी मोठ्यानं बोलत नाही. कंपनीच्या बसनं जातो, येतो, झोपतो. त्या दिवशी त्याचा शब्दन् शब्द आमच्यापर्यंत येत होता.

"अर्दं तिला दिलं. त्यातनं चार फूट गुरुजींनी नेलं. उरलेल्या अर्द्यात तुमी दोगं, आमी दोगं, उद्या आमची पोरं. आनि तुमच्या माघारी त्यातबी तिचा हिस्सा निघनार. मग माजं काय ऱ्हातंय? आदी माजं नाव लावा, मग तिचं बगू."

काखेत कळसा नि गावाला वळसा! सगळ्या गल्लीच्या दाढ्या धरून झाल्या, शेठची झाली, गुरुजींची झाली, आणि घरातल्याला मात्र कुणी एका शब्दानं विचारलेलं नव्हतं. बापानं नाही, आईनं नाही, आम्ही मीटिंगवाल्यांनी तर नाहीच नाही. सगळेच धरून चाललो होतो, तिचा सख्खा भाऊच आहे तो. त्याची सही कुठल्याही कागदावर लागत नव्हती. पण म्हातारपणी ज्याच्या हाताकडं बघायचं, त्याला ओलांडून भाऊंना एक वीट उचलवेना. त्याचं चुकलं असंही मला धड म्हणता येत नाही, आणि त्याचीच मला जास्त चीड येते. शिव्या घालायला एक सरळ माणूससुद्धा या गल्लीत मिळू नये!

भाऊंनी नंतर तो विषय काढला नाही. सह्यांचा कागद कुठंतरी देव्हाऱ्यामागं असेल. गुरुजींच्या गाडीला चार फूट मात्र मिळाले, कारण तेवढं कुंपण त्यांनी सही करायच्या आधीच मागं सरकवून घेतलं होतं.

विटा अजून माझ्या दारात आहेत. त्यांच्यावर शेवाळ आलंय, खालच्या फटीत सरड्यानं घर केलंय. त्याला कुणाची संमती लागली नाही. दर आठ-पंधरा दिवसांनी गुरुजी ओट्यापाशी येऊन म्हणतात, "मॅडम, त्या विटांचं काहीतरी करा. रस्ता अडतोय." भाऊंनीही एकदा येऊन सांगितलं, इकून टाकतो म्हनं. नवरासुद्धा म्हणाला, उचलू या का? मी तिघांनाही एकच उत्तर दिलं. हा माझ्या वाटणीचा रस्ता आहे. नारळ फोडून ठरलंय. त्याच्यावर काय ठेवायचं ते बघू. माझ्या आयुष्यात मी एकदाच 'बघू' म्हणाले, आणि ते खरं करणार आहे.

संध्याकाळी ती येते. शेठच्या दाराशी विचारते. माझ्या मातीत तिचा पाय पडायच्या आत मीच ओट्यावरून ओरडते, "ये गं!" म्हणजे निदान इथं तरी तिला विचारावं लागू नये. ती हसते, जाता जाता एखादी घसरलेली वीट सरळ करते. गुरुजींच्या साखळीपाशी थांबते, ओलांडते. मग खडीवर तिच्या चपला वाजतात. टोकाच्या घरात हिंदी मालिका मोठ्यानं चाललेली असते. भाऊ पायरीवर बसलेले असतात. त्यांच्या शेजारी ती चपला काढते आणि आत वाकून म्हणते, "वहिनी, येऊ का?"

आणि दारातच, बापाशेजारी, उत्तर येईपर्यंत उभी राहते.